चिरेखाणीतली गौर

रत्नागिरीतली आमची आळी सड्यावरून, म्हणजे कातळी पठारावरून, खाडीकडे उतरते. वर कातळ, खाली चिखल आणि भरतीचे पाणी, मधे जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी आणि तिच्या दोन्ही अंगांना घरे. पाखाडीच्या तळाशी शेवटचे घर एका विधवा बाईंचे होते. मुलगा कुवेतला, सून आणि नातवंडे मुंब्र्याला. घरात त्या आणि त्यांच्या कोंबड्या. साऱ्या आळीत त्यांना खाला म्हणत. मी त्यांच्या रक्ताचा भाचा नव्हतो, पण मीही खालाच म्हणत असे.

१९९८च्या सुमारास वरच्या कातळावर बंगले उठू लागले. त्याआधी तिथे पडलेला पाऊस खळग्यांत, गवतात, गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, फटींत अडत अडत खाली येई आणि वाटेतच बराचसा जिरे. बंगल्यांची अंगणे सिमेंटची झाली, रस्त्यावर डांबर पडले, गटारांची तोंडे पाखाडीकडे वळली. दोन-तीन पावसाळ्यांत पाखाडीला ओढ्याचे रूप आले. जोराची सर आली की लाल पाणी पायरी पायरी उड्या घेत खाली येई आणि थेट खालांच्या मागच्या पडवीत शिरे. पुढे ते उंबरा ओलांडू लागले. घर जांभ्याचे, पण दरजांत चुना नाही, माती. भिंतीतला ओलावा कोनाड्यापर्यंत चढला होता आणि हाताने दाबले की दरजेतली माती बोटाला लागे.

मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात काम करत होतो. बातमी दिली, ती छापून आली. नगरपालिकेने पाखाडीच्या कडेने सिमेंटचे नळ टाकले. पहिल्याच पावसात त्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या.

कुवेतहून दर शुक्रवारी मुलाचा फोन येई. एका उन्हाळ्यात त्याने आईला निर्वाणीचे सांगितले, "यंदा पाणी उंबऱ्याच्या आत आला ना आय, तर मी तुझा काय ऐकणार नाय. घर विकायचा आणि मुंब्र्याला जायचा." गिऱ्हाईक त्याने पाहून ठेवले होते. खालांनी कबूल केले. भिंत कोसळून आई खाली सापडेल ही त्याची भीती खोटी नव्हती, हे त्यांनाही कळत होते. फोन ठेवून मात्र त्या मला म्हणाल्या, "मुंब्र्याला चौथ्या माळ्यावर मी काय करू? खिडकीतून कोंबड्यांना हाका मारू?"

पाखाडीच्या मध्यावर कॉलेजातून निवृत्त झालेल्या, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई राहत. मूळच्या देवरूखकडच्या. बोलणे मोजके. खालांच्या घरामागच्या परड्याच्या वरच्या कोपऱ्यात एक जुनी चिरेखाण होती. घर बांधताना ज्या जागेतून जांभ्याचे चिरे काढले तीच ही जागा. मोठ्या खोलीएवढी, कमरेहून खोल, तीन बाजूंना कुऱ्हाडीच्या तिरप्या खुणा असलेल्या उभ्या भिंती आणि उताराची चौथी बाजू उघडी. चिरे काढताना सोडलेल्या टप्प्यांमुळे आत आपोआप ओटे तयार झालेले. आळीचा निम्मा कचरा तिथे पडे. बाईंनी ती जागा पाहिली आणि खालांना विचारले, "इथं पावसाची बाग केली तर चालेल?"

"बाग? माझ्या उकिरड्यात?"

"पाखाडीचं पाणी तुमच्या दारात जायच्या आधी इथं वळवायचं. इथं बसलं की जिरेल. झाडांची मुळं त्याला वाट करून देतात."

"आणि नाय जिरला तर?"

"तर ते तुमच्या दारात येईल. आता येतंच आहे."

खाला हसल्या. परवानगी मिळाली.

बाईंनी आणि मी मिळून आखणी केली आणि एप्रिल-मे महिन्यांत काम झाले. कचरा उपसला. तळाशी वर्षानुवर्षांचा चिकट गाळ बसला होता, तो खरवडून काढला, आणि खालचा मऊ जांभा लागल्यावर त्यात पहारीने भोके पाडली. पाखाडीपासून खाणीपर्यंत चर खणला. उघड्या बाजूला मातीचा बांध घातला, त्याला आतून चिऱ्यांचे तुकडे लावले, आणि जास्तीचे पाणी बाजूच्या पऱ्यात, म्हणजे पावसाळी ओढ्यात, पडावे म्हणून एका कोपऱ्यात सांडीची वाट ठेवली. काम आळीनेच केले. त्यात शेजारचे आंबेवाले काका सर्वांत उत्साही. मात्र त्यांच्या हिशेबी खड्डा म्हणजे कलमाचा खड्डा. बाई दोन दिवस गावी गेल्या, तेवढ्यात त्यांनी खाणीत शेणखत ओतले आणि त्यावर सुक्या मासळीचा चुरा पसरला. कलमाला तो मानवतो. बाई परत आल्या तेव्हा आळीतली सगळी मांजरे खाणीत जमली होती.

"काका, हे काय केलंत?"

"खत घातला. झाडांना नको?"

"ही कातळावरची झाडं आहेत. त्यांना उपासाची सवय आहे. खाऊ घातलंत तर गवत माजेल आणि ती मरतील."

काकांची बायको, आमची काकी, बांधावर उभी होती. ती म्हणाली, "यांना तेवढाच एक खड्डा येतो, बाई. आमच्या लग्नात मांडवाच्या खांबाच्या खड्ड्यातसुद्धा शेण घातलान." काकांनी सगळे खत परत उपसून आपल्या कलमांना नेले. मांजरे त्यांच्या मागोमाग गेली.

मग बाईंनी लावायला जे आणले ते पाहून लोकांनी त्यांच्या डोक्याविषयी शंका घेतली. आरे-वारेच्या वाटेवर सड्यावर त्यांच्या ओळखीच्या एकाची जमीन होती. तिथल्या कातळाच्या खळग्यांतून त्यांनी भर मे महिन्यात गोणपाटात माती खरवडून आणली. माती म्हणजे भाजलेली भुकटी. तिच्यात हिरवे काही नव्हते. काका म्हणाले, "आरे-वारेला लोक समुद्र बघायला जातात, बाईंनी धूळ आणलान." बाईंनी ती धूळ खाणीतल्या ओट्यांवर बोटभर जाडीने पसरली. खोलगट भागात लव्हाळा लावला, कडेला रानहळदीचे कांदे पुरले, बांधाच्या एका टोकाला केवडा. उरलेल्या लांब बांधावर त्यांनी तेरड्याचे बी टाकले. तेरडा चटकन रुजतो, भुसभुशीत माती धरतो आणि दिवाळीच्या आत आपण होऊन वाळून जातो, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या वर्षी केवडा पसरला की तेरड्याची गरज राहणार नव्हती.

जुलैच्या मध्यावर मी खाण पाहायला गेलो. त्या सकाळी पाखाडीवरून नेहमीसारखे पाणी लोटत होते. चराच्या तोंडाशी ते वळत होते, गढूळ, पाय ओढून नेईल अशा वेगाने, आणि खाणीत पडल्यावर लव्हाळ्यात शिरून एकदम मंद होत होते. कमरेएवढे पाणी साचले. पाऊस थांबला. मी भिंतीवरची कुऱ्हाडीची एक खूण धरून पाहत राहिलो. ती पाण्याखाली होती. काही वेळाने ती ओली आणि उघडी होती. मग तिच्या खालची खूण दिसली. आवाज नव्हता, भोवरा नव्हता. एवढे पाणी माझ्या डोळ्यांसमोर जमिनीत जात होते आणि ते जाताना दिसत नव्हते. खालांची पडवी कोरडी होती. त्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. पाणी कुठे जाते ते पाहायला मीच चार वेळा खाली वाकलो. त्यांनी वर पाहिलेही नाही.

श्रावणात धुळीचे उत्तर आले. ओट्यांवर आधी हिरवी बुरशी असावी तसे काही दिसू लागले. मग एका सकाळी तिच्यावर जांभळा धुरळा बसलेला दिसला. बाईंनी हातात भिंग दिले आणि वाकायला सांगितले. धुरळा नव्हता. प्रत्येक ठिपका एक फूल होते, तांदळाच्या दाण्याएवढे, खाली वळलेले, मागे इवलासा काटा असलेले. सीतेची आसवे. बाईंनी सांगितले, या झाडाला तळाशी डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा पिशव्या असतात, ओलाव्यातला एखादा सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवी त्याला आत ओढून घेते. जमिनीत खायला काही नाही, म्हणून ही सोय. त्यांच्यात मधे मधे गेंद नावाच्या कातळावरच्या रानफुलाची पांढरी बटणे उगवली होती. गोणपाटातून मी ती धूळ ओतताना पाहिली होती. तिला हात लावला होता, झटकला होता. हे सगळे तेव्हा तिच्यात होते. पत्रकाराला अशा ठिकाणी विचारायला प्रश्न लागतो. मला सुचला नाही. त्या आठवड्यात आळीतली बहुतेक माणसे येऊन ओणवी होऊन पाहून गेली. काका दोनदा आले.

बांधही भरला होता. टोकापासून टोकापर्यंत गुडघ्याच्या वर तेरडा, गुलाबी आणि गडद गुलाबी. भादवा आला, गणपती बसले, आणि कोरडा उंबरा पाहत खाला दर शुक्रवारी कुवेतला "नाय आला" असे सांगत होत्या. पावसाचा जोर ओसरल्याचे सगळे समजत होते.

गौरी आणायच्या दिवशी दुपारी बायकांचा घोळका खाणीवर आला. पुढे काकी, हातात सूप, सुपात हळदकुंकू. आमच्या आळीत बहुतेक घरांत तेरड्याचीच गौर. पाणवठ्यावरून तेरड्याची झाडे मुळांसकट उपटतात, मुळे धुतात, आणि तीच गौर म्हणून घरी नेतात, साडी नेसवतात, पूजतात. वर बंगले झाल्यापासून उतारावरचा तेरडा संपला होता आणि आळीला बाजारातून कोमेजलेली गौर विकत आणावी लागे. बाग आखताना हे कोणाच्याच डोक्यात आले नाही, कारण आखणी केली बाईंनी आणि मी. बाईंच्या घरी गौर मुखवट्याची. माझ्या घरी खड्यांची. तेरड्याची गौर असलेल्या कोणालाही आम्ही विचारले नव्हते.

बाई धावत आल्या. "काकी, थांबा! त्या मुळांवर बांध उभा आहे."

"आषाढापासून बघून ठेवलाय मी हा तेरडा. एवढा टवटवीत असताना गौर काय थर्माकोलची आणू?"

"थोडा घ्या. कडेचा घ्या."

"एकीला कडेचा आणि एकीला मधला? भांडणं लावता काय, बाई?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मग सगळ्यांनीच खालांकडे पाहिले, कारण जमीन त्यांची होती आणि बांधाखालचे घरही त्यांचे. बांध सुटला तर काय होईल हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्या मागच्या दारातून सावकाश वर आल्या. काकीने विचारले, "खाला, नेऊ?"

खालांनी बाईंना विचारले, "पाऊस कितीसा राहिला?"

"सांगता येत नाही."

खाला बांधावरून नजर फिरवून काकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "ही तुमची लेक ना? माहेराला येते म्हणता ना? लेकीला दारात अडवू नये. न्या गो."

बायकांनी तेरडा उपटला. खाणीतल्या पाण्यात मुळे धुतली. सूप भरून, गाणी म्हणत त्या पाखाडी चढून गेल्या. मागे बांधाचा लाल चिखल उरला आणि त्यात उपटल्या जागांची भोके. बाईंनी एकटीने ती पायाने दाबायला सुरुवात केली. मी मदतीला लागलो. एका टोकाचा केवडा तेवढा उभा होता.

दुसऱ्या दिवशी गौरीच्या जेवणाच्या वेळी पाऊस उतरला. पाने मांडलेली, झांजा चालू, आणि कौलांवर असा आवाज की आरती ऐकू येईना. मी खाली पोचलो तेव्हा बाई छत्री टाकून बांधावर ओणव्या झाल्या होत्या. पाणी काठोकाठ. सांडीची वाट पूर्ण वाहत होती, पण खाडीला भरती होती, पऱ्या तुंबला होता. दाबलेली भोके उमलल्यासारखी सुटत होती. पाहता पाहता बांधाचा मधला भाग खचला आणि पाण्याची जाड धार खालांच्या पडवीकडे निघाली.

बायका पानांवरून उठून आल्या, ठेवणीतल्या साड्यांसकट. काकीने पदर खोचला आणि थेट खचलेल्या जागी पाय रोवून उभी राहिली. "गोणपाट! चिरे द्या, चिरे! अहो, झांज खाली ठेवा आधी!" हे शेवटचे काकांना. पुरुषांनी हातोहात चिऱ्यांचे तुकडे दिले, बायकांनी गोणपाटात चिखल भरून लोटला. भातशेतीत बांध फुटला की असाच धरतात, आणि आळीतल्या निम्म्या बायका शेतकऱ्यांच्या लेकी होत्या.

खाला मागच्या दारात उभ्या होत्या. कोंबड्या टोपलीखाली घालून खाटेवर ठेवलेल्या. पडवीत पाणी भरत होते. त्या मला म्हणाल्या, "ओ पेपरवाले, उंबऱ्याकडे बघत राहा. माझा चष्मा आत हाय."

मी बघत राहिलो. पाणी उंबऱ्याच्या अंगाला लागले. लाकडाच्या निम्म्यावर आले. वरच्या कडेला येऊन टेकले आणि तिथे त्याला थोडा फुगवटा आला, भरलेल्या पेल्याला येतो तसा. वर बायका ओरडत होत्या. त्या फुगवट्यात पडवीचे वासे उलटे दिसत होते.

"आला काय?"

"नाही अजून."

"आता?"

मला तोंड उघडायचा धीर झाला नाही. न जाणो, श्वास लागून ते ओलांडायचे. मग उंबऱ्याच्या वरच्या कडेखाली ओल्या लाकडाची एक गडद रेघ दिसली. ती रुंद झाली. वर बांध धरला गेला होता.

"नाही आलं," मी म्हणालो. खाला खाली बसल्या.

त्या शुक्रवारी फोनवर मुलाने विचारले तेव्हा मी तिथे होतो. खाला म्हणाल्या, "घरात नाय आला." पलीकडून काही विचारले गेले. "पडवीत आला. पडवी तुझ्या बापानं मागाहून काढलान. ती घरात धरत नायत."

गौरी आमच्याकडे खाडीत सोडतात. त्या वर्षी पाऊस उघडला तरी खाडीची वाट शेवाळाने निसरडी झाली होती. गौरी घेऊन बायका पाखाडीच्या तळाशी थबकल्या. खालाच म्हणाल्या, "जिथून आणलीत तिथंच पोचवा. सासरीच जायची ना ती?"

काकी म्हणाली, "म्हणजे तुमची खाण तिचा सासर झाला!"

"मग मी सासू."

"सासू बरी मिळाली म्हणायची. दारात अडवलान नाय."

गौरी खाणीच्या पाण्यात बुडवून काढल्या. तीन दिवस तांब्यातल्या पाण्यात उभा असलेला तेरडा अजून ताजा होता, मुळे पांढरी. खचलेल्या बांधाचा ओला चिखल समोर होता. कोणी काही ठरवल्याचे मला आठवत नाही. काकीने हातातली गौर चिखलात खोचली आणि अंगठ्याने मूळ दाबले. शेजारची वाकली. मग ओळच लागली. बायका भाताची लावणी करतात तशा वाकून, एकेक रोप खोचत, पाऊल पाऊल मागे सरत गेल्या. कोणाच्या रोपावर अजून हळदकुंकू होते, कोणाच्या फांदीला मण्यांची पोत राहिली होती, ती सोडून घ्यायला हात मागे येई. हात लागताच पिकलेल्या बोंडांचा तट् तट् आवाज होत होता, बी उडून चिखलावर, साड्यांवर, पाण्यावर पडत होते. बाई हातातले भिंग तसेच धरून उभ्या होत्या. माझ्याकडे वही होती. मी काही लिहिले नाही. एवढे मोठे काम इतक्या सहज, थट्टामस्करी करत, माझ्यासमोर होत होते, आणि ते करणाऱ्यांपैकी कोणालाही ते काही वेगळे वाटत नव्हते.

काही रोपे मेली, बरीच जगली. दुसऱ्या वर्षी तेरडा बांधावर मावेना. चरातून वर चढला, पाखाडीच्या दरजांत उगवला, गडग्यांवर आला. पुढे दर वर्षी गौर तिथूनच गेली आणि तिथेच परतली. फक्त, काकीने ठरवून दिले, बांधाचा मध्य सोडून. त्यावर भांडण झाले नाही.

त्या दुसऱ्या वर्षी मुलगा रजा घेऊन पावसातच आला. एरवी तो मे महिन्यात येई. आईला न्यायच्या तयारीने आला होता. दोन दिवस संततधार लागली. तो मागच्या दारात उभा राहून पाखाडीवरून येणारे लाल पाणी पाहत होता. ते वळून खाणीत जात होते. मग तो वर बांधावर गेला. मी तिथे होतो. तेरड्याच्या एका बोंडाला त्याचा हात लागला, ते फुटले, आणि एवढा मोठा माणूस दचकून मागे सरला. कुवेतला वर्षानुवर्षे पाण्याच्या प्रकल्पावर काम केलेला तो माणूस. खाणीच्या काठाशी उकिडवा बसून भिंतीवरच्या खुणा एकामागून एक उघड्या पडताना बघत राहिला. पाणी आटले. खाली लव्हाळा आडवा झाला होता, तो हळूहळू उठू लागला.

"हा सगळा जातो कुठं?" त्याने आईला विचारले.

"खाली," खाला म्हणाल्या.

त्याने मुंब्र्याचा विषय काढला नाही. दोन दिवस तो मागच्या भिंतीच्या दरजा बोटाने चाचपत होता. तिसऱ्या दिवशी त्याने गवंडी बोलावला. मातीच्या दरजा खरवडून त्यांत चुना भरायचा होता. गवंडी म्हणाला, पावसात चुना धरणार नाही, काम दिवाळीनंतर घेऊ. माझी रजा तोवर नाही, असे मुलगा म्हणू लागला. खाला दारातून म्हणाल्या, "घाई नाय. दिवाळीनंतर या. मी घरातच असेन."